नदीपलीकडची उंची

त्रेचाळीस ठिकाणांची उंची काढायचं काम माझ्याकडे आलं, तेव्हा त्यांतली चार-पाच ठिकाणंसुद्धा मी पाहिलेली नव्हती.

महाराष्ट्र राज्य होऊन वर्ष झालं असेल नसेल. लग्न होऊन मी दारव्ह्याहून दिग्रसला आले होते. नवरा जिनिंग फॅक्टरीत कामाला. घरात आम्ही दोघं आणि सासूबाई. अमरावतीला राहून मी गणित घेऊन बी.एस्सी. झाले होते आणि त्या शिक्षणाचं दिग्रसला काय करायचं, हे कुणालाच कळत नव्हतं. मग एका नदीवर धरण बांधायचं ठरलं, त्यासाठी गावात तात्पुरती कचेरी उघडली आणि तिथं गणक पाहिजे असल्याचं नवऱ्याच्या कानावर आलं. सासूबाईंनी एवढंच विचारलं, "तिथं बायकायले बसाले जागा हाय का?"

जागा नव्हती. नकाशांच्या कपाटाआड एक टेबल लावून त्यांनी ती केली. टेबलावर हातानं मूठ फिरवायचं लोखंडी गणनयंत्र होतं. गुणाकाराला मूठ पुढं फिरवायची, भागाकाराला मागं. भागाकार हद्दीबाहेर गेला की आत घंटी वाजायची. पहिले काही दिवस घंटी वाजली की कचेरीतले सगळे माझ्याकडे बघायचे.

कचेरीत ज्यांच्याशी माझा संबंध आला ती माणसं तीनच. साहेब पुण्याकडून बदलून आलेले, कमी बोलणारे इंजिनिअर. बडेबाबू म्हणजे मुख्य कारकून. कागद कुठून आला आणि कुठं जाणार हे त्यांच्याशिवाय कुणाला ठाऊक नसे. आणि तिसरे सर्व्हेअर. दिग्रसच्याच एका मुसलमान घरातले, पन्नाशी ओलांडलेले. सगळे त्यांना चाचा म्हणत, मीही म्हणू लागले. हिवाळाभर चाचा दुर्बीण आणि मापाची उंच पट्टी घेऊन नदीच्या दोन्ही काठांनी हिंडले होते. कुठं देवळाच्या ओट्यावर, कुठं विहिरीच्या काठावर, कुठं पुलाच्या दगडावर त्यांनी खुणा केल्या होत्या, आणि एका खुणेपासून दुसरी किती वर किंवा किती खाली ते फिल्डबुकात लिहून आणलं होतं. अशा खुणा त्रेचाळीस. अलीकडच्या काठावर अठ्ठावीस, पलीकडे पंधरा.

कालव्याचं पाणी मैलामागं फूटभराच्या उतारानं चालतं. म्हणून उंचीत चूक चालत नाही. पण माणसानं मोजलं की चूक होतेच. एका खुणेपासून निघून चार गावं फिरून तिथंच परत आलं, तर बेरीज शून्य यायला हवी; ती येत नाही, बोटभर उरते. ती बोटभर चूक सगळ्यांत न्यायानं वाटून प्रत्येक खुणेची एकच पक्की उंची ठरवायची, हे माझं काम. त्रेचाळीस अज्ञात संख्या, त्रेचाळीस समीकरणं.

शाळेत शिकवतात तसं मी एकेक अज्ञात काढून टाकायला सुरुवात केली. मोठा कागद आखला. प्रत्येक ओळीत त्रेचाळीस घरं, पण भरलेली चार-पाचच. कारण एका खुणेचा संबंध फक्त शेजारच्या तीन-चार खुणांशी. बाकी सगळे शून्य. इतका मोकळा कागद पाहून मला वाटलं, हे आठवड्याचं काम. पण एक अज्ञात काढलं की रिकाम्या घरांत नव्या संख्या येऊन बसायच्या. नववं अज्ञात काढेपर्यंत कागद गच्च झाला, आणि अकराव्याला माझ्या लक्षात आलं की सहाव्यातच वजाबाकी चुकली होती. सगळं वाया.

साहेबांनी कागद पाहिला. रागावले नाहीत. म्हणाले, "बाई, शून्यं ही तुमची कमाई आहे. ती अशी उधळू नका." मग त्यांनी दुसरी रीत सांगितली. प्रत्येक समीकरणाचे दोन भाग करायचे. ज्या खुणेचं समीकरण, तिची उंची डावीकडे ठेवायची. शेजाऱ्यांच्या उंच्या उजवीकडे न्यायच्या. शेजाऱ्यांची उंची ठाऊक नाही? मग सध्या अंदाजानं धरायची. त्यावरून आपली काढायची. अशी ओळीनं सगळ्यांची काढली की एक फेरी झाली. नव्या उंच्या घेऊन दुसरी फेरी. प्रत्येक फेरीत संख्या कमी हलतात. हलणं एका फुटाच्या शंभराव्या भागाहून कमी झालं की थांबायचं.

मला ही रीत फार आवडली. एखादी चूक झाली तरी ती पुढच्या फेऱ्यांत आपोआप विरून जायची. पहिला अंदाज म्हणून मी जुन्या नकाशांवरच्या उंच्या घेतल्या.

समीकरणं लिहिताना एक गोष्ट ठरवायची होती. प्रत्येक मोजणीला वजन द्यायचं असतं. भरवशाची असेल तिला जास्त, कच्ची असेल तिला कमी. नदी फक्त एकाच ठिकाणी, धरणाच्या जागी ओलांडली होती. तिथं पाणी वाहत असल्यामुळं चाचांना दुर्बीण या काठावर आणि पट्टी त्या काठावर ठेवून लांबून वाचावं लागलं होतं. बडेबाबू कपाटाशी येऊन हळूच म्हणाले, "चाचाच्या डोळ्यात मोतीबिंदू उतरून राह्यला, बाई. सांगत नाही तो कोनाले. त्या नदीवरच्या आकड्याले वजन कमीच टाका." मी चाचांना काही विचारलं नाही. वजन दहावा हिस्सा टाकलं.

फेऱ्या सुरू झाल्या. सुरुवातीला संख्या चांगल्या फूटभरही हलत होत्या, मग बोटभर, मग केसभर. अठराव्या फेरीनंतर एकही संख्या शंभराव्या भागाइतकी हलली नाही. मी थांबले. तक्ता स्वच्छ उतरवला, साहेबांनी सही केली, बडेबाबूंनी तो यवतमाळला वरच्या कचेरीत पाठवला. त्या तक्त्यावरून कालव्याचं पाणी कुणाला मिळणार त्याची यादी निघाली. पलीकडच्या काठावर बंजाऱ्यांचा एक तांडा होता. त्याची शेतं पाण्याच्या रेषेहून वर येत होती. यादीत तांड्यापुढं लिहिलं गेलं: लाभक्षेत्राबाहेर.

दोन-तीन आठवड्यांनी चाचा फिल्डबुक घेऊन माझ्या टेबलाशी आले. उभेच राहिले.

"बाई, धरणाच्या जागी इकडल्या दगडापासून तिकडला दगड किती वर हाय?"

मी तक्ता पाहून सांगितलं, "पाच फूट सत्तावन्न शतांश."

त्यांनी फिल्डबुक उघडून पुढं सरकवलं. "मी वाचलं चार फूट एकतीस. तीन रोज वाचलं. इकून वाचलं, तिकून वाचलं. सव्वा फुटाचा फरक कुठून आला?"

मी म्हणाले, "चाचा, लांबचं वाचन आहे. त्याला वजन कमी आहे."

"किती कमी?"

"दहावा हिस्सा."

त्यांनी फिल्डबुक मिटलं. मग म्हणाले, "काहून? माह्या डोळ्याचं कोनी सांगतलं का तुमाले?"

मी मान खाली घातली. ते पुढं बोलले, आवाज न चढवता. "डोळा खराब होऊन राह्यला, हे मले पहिल्यापासून माहीत हाय. म्हनून तर तीनदा वाचलं. भल्या सकाळी, उन्हानं हवा थरथराच्या आत. ज्याचा डोळा चांगला असते तो एकदाच वाचून घरी जाते, बाई."

ते गेले. मला वाईट वाटलं, पण खरं सांगायचं तर त्या वेळी माझा तक्त्यावरच विश्वास होता. संख्या थांबल्या होत्या. थांबल्या म्हणजे उत्तर आलं, असं मी धरून चालले होते. केवळ त्यांचं समाधान व्हावं म्हणून मी आणखी एक फेरी केली. अलीकडच्या अठ्ठावीस संख्या जागच्या हलल्या नाहीत. पलीकडच्या जराशा हलल्या, फुटाच्या हजारातले सहा-सात भाग. मी तो कागद बाजूला ठेवणार होते, तेवढ्यात चिन्हांवर नजर गेली. पंधराच्या पंधरा खाली सरकल्या होत्या. एकही वर नाही.

दुसरी फेरी केली. पुन्हा पंधराही खाली, तेवढ्याच. तिसरी केली. पुन्हा तेच.

त्या थांबलेल्या नव्हत्या. सगळ्या मिळून मुंगीच्या पावलानं उतरत होत्या, आणि पाऊल लहान म्हणून मी मुक्काम आला असं समजले होते. पलीकडच्या जुन्या नकाशाची मोजणी कुठल्या दगडापासून धरली होती कोण जाणे, पण त्याच्या सगळ्या उंच्या सारख्याच जास्त होत्या. एकमेकांशी मात्र त्या जुळत होत्या. म्हणून प्रत्येक खूण आपल्या शेजाऱ्यांना विचारी आणि शेजारी म्हणत, तू बरोबर आहेस. त्यांना चूक सांगणारा एकच दुवा होता, नदीवरचा, आणि त्याचा आवाज मी दहाव्या हिश्श्यावर आणून ठेवला होता.

अशानं उतरत उतरत त्या खऱ्या जागी यायला शेकडो फेऱ्या लागल्या असत्या. मग सुचलं की पंधरा जणी एकत्रच हलतात, तर त्यांना एकत्रच हलवावं. पलीकडच्या पंधराही समीकरणांची मी बेरीज केली. आतली सगळी देवाणघेवाण एकमेकींत कटून गेली. उरला फक्त नदीचा दुवा. डाव्या बाजूला त्याचं वजन होतं, उजव्या बाजूलाही तेच वजन. दोन्ही कटली. उरलं ते चार फूट एकतीस. चाचांनी वाचलं तेच, जसंच्या तसं.

मी यंत्राची मूठ सोडून दिली. वजन दहावा हिस्सा टाकलं असतं काय, शंभरावा टाकलं असतं काय, शेवटचं उत्तर चाचांचंच येणार होतं. माझ्या अविश्वासानं त्यात काडीचा बदल होणार नव्हता. झाला होता तो फक्त उशीर, आणि तेवढ्या उशिरात मी थांबून सही करून बसले होते.

तशीच साहेबांकडे गेले. तात्पुरती नोकरी, त्यात बाई, आणि तक्ता यवतमाळला पोचलेला. सगळं सांगितलं, वजन कमी का टाकलं तेही सांगितलं, फक्त बडेबाबूंचं नाव घेतलं नाही. मी म्हणाले, ऐकीव गोष्टीवरून टाकलं.

साहेबांनी दोन प्रश्न विचारले. पहिला, "आता खरंच थांबलंय हे कशावरून?"

याची मी तयारी केली होती. पलीकडच्या काठाला दोन फूट वर धरून एकदा, आणि दोन फूट खाली धरून एकदा, असा नव्या रीतीनं दोनदा हिशेब केला होता. एक वरून उतरला, एक खालून चढला, आणि चौथ्या फेरीत दोन्ही तक्ते एकाच आकड्यांवर आले. ते दोन्ही कागद मी त्यांच्यापुढं ठेवले. त्यांनी ओळीवर बोट ठेवून ते शेवटपर्यंत ताडून पाहिले.

मग दुसरा प्रश्न. "आणि चाचांचं वाचनच चुकलं असेल तर? नदीवर दुवा एकच आहे. त्याला तपासणारं दुसरं काही नाही."

याचं उत्तर त्यांनीच दिलं. "नदी दुसऱ्या जागी ओलांडा. चाचांबरोबर तुम्ही जा. वाचन तुम्ही करायचं."

एप्रिल लागला होता. नदीत नुसती डबकी उरली होती, त्यामुळं आता पात्रात दुर्बीण मांडून जवळूनच वाचता येत होतं. आम्ही एस.टी.नं फाट्यापर्यंत आणि पुढं बैलगाडीनं तांड्यासमोरच्या, अलीकडच्या काठावर गेलो. उजाडताच काम सुरू केलं. चाचांनी तिवई रोवली, पातळी दाखवणारा बुडबुडा मध्यावर आणला आणि बाजूला झाले. "घ्या बाई. डोळा लावा."

मी पदर खोचून वाकले. काही समजेना. पट्टी धरणारा माणूस डोक्यावर उभा होता, पाय आभाळात.

"चाचा, हे उलटं दिसतंय."

"उलटंच दिसते. आम्ही तीस साल दुनिया उलटीच पाह्यली," चाचा म्हणाले, आणि त्या प्रसंगानंतर पहिल्यांदा माझ्याकडे बघून हसले.

सवय व्हायला अर्धा तास गेला. प्रत्येक वाचन मी दोनदा केलं आणि मोठ्यानं सांगितलं. ते लिहून घेत होते. लिहिताना वही डोळ्यांच्या अगदी जवळ नेत होते. ऊन तापायच्या आत आम्ही पलीकडच्या विहिरीच्या खुणेपर्यंत पोचलो. तिथंच दगडावर बसून बेरीज केली. माझ्या नव्या तक्त्याप्रमाणं विहिरीची खूण अलीकडच्या खुणेहून दोन फूट अठरानं वर हवी होती. मोजून आली दोन फूट वीस. जुना तक्ता सांगत होता जवळपास साडेतीन. चाचांनी बेरीज माझ्याकडून दुसऱ्यांदा करून घेतली, मग वही मिटली आणि विहिरीच्या पाण्यानं तोंड धुतलं.

तांड्याच्या नायकाची बायको विहिरीवर आली होती. अंगावर आरसे लावलेली कांचळी चोळी, हातभर बलोयांच्या पांढऱ्या बांगड्या. आमचं चाललेलं ती मघापासून बघत होती. तिनं मला विचारलं, "पानी आमच्याकडं येत नाही म्हनते ना सरकार? जमीन उंच हाय म्हनते."

चाचा माझ्याकडे पाहू लागले. मी म्हणाले, "जमीन उंच नाही. हिशेब चुकला होता. मीच केला होता."

तिनं मला आपादमस्तक पाहिलं. बाई हिशेब करते याचं तिला नवल वाटलं की चुकल्याचं, कोण जाणे. "मग आता बराबर लिवशीन का?"

"लिहीन."

"लिव," ती म्हणाली आणि घागर उचलून गेली.

साहेबांनी यवतमाळला पत्र लिहिलं. त्यात गणकाची चूक असा शब्द नव्हता. 'पुनर्गणनेत आढळून आले' असं होतं. तक्ता बदलला, यादी बदलली, तांडा लाभक्षेत्रात आला. बडेबाबूंनी नव्या यादीची प्रत माझ्या टेबलावर आणून ठेवली. आमच्या दोघांत तो विषय पुन्हा कधी निघाला नाही.

चाचांनी आपणहून साहेबांना डोळ्यांचं सांगितलं. फिल्डवरचं काम सुटणार म्हणून ते इतके दिवस गप्प होते. साहेबांनी त्यांना रजा दिली, शस्त्रक्रिया झाली, आणि जाड भिंगांचा चष्मा लावून ते पावसाळ्याच्या शेवटी परत आले. आता त्यांचं टेबल कपाटाच्या अलीकडे, माझ्या शेजारी. नकाशे काढायचे आणि फिल्डबुकातले आकडे मला वाचून दाखवायचे. पुढच्या दोन वर्षांत आम्ही मिळून आणखी दोन मोजण्यांचे तक्ते केले. कुठल्याही आकड्याला वजन देण्याआधी मी तो कुणी, कधी, कसा वाचला ते विचारून घ्यायची. चाचा म्हणायचे, "बाई, पोलिसात गेल्या असत्या तर लई पुढं गेल्या असत्या."

कचेरी बंद झाल्यावर मी नागपूरला एम.एस्सी.ला गेले. नवऱ्यानं पाठवलं, सासूबाईंनी डबे पाठवले. तिथं एका वर्गात प्राध्यापकांनी फळ्यावर समीकरणांचं तेच विभाजन लिहिलं; एक भाग डावीकडे, एक उजवीकडे. प्रत्येक फेरीला आपली चूक आकड्यांच्या एका ठरावीक चौकटीनं, मॅट्रिक्सनं, गुणली जाते, ते सांगत होते. त्या मॅट्रिक्समधून निघणारी एक संख्या, तिची सर्वांत मोठी आयगेन व्हॅल्यू, एकाहून लहान असेल तर कुठूनही निघा, तुम्ही पोचताच. एकाच्या अगदी जवळ असेल तर पोचाल, पण रखडत. मी पेन खाली ठेवून फळ्याकडे पाहत राहिले. त्यांना ती एक संख्या होती. मला तो पलीकडचा काठ दिसत होता, पंधरा खुणा एकमेकींना धरून हळूहळू उतरताना. असं फेरीफेरीनं उत्तरापाशी पोचणं म्हणजे अभिसरण; हा शब्द मी त्या दिवशी पहिल्यांदा लिहिला.

धरण व्हायला बरीच वर्षं गेली. पलीकडचा कालवा दशकाच्या शेवटी शेवटी तांड्याच्या शेतांपर्यंत पोचला. पाणी हिवाळ्यातच मिळायचं, तेही दोन पाळ्यांचं, आणि वरच्या अंगाच्या काही वावरांना पोचायचंच नाही. तिथली उंची खरोखरच जास्त होती. ती कुठल्याच हिशेबानं खाली येणार नव्हती. खालच्या वावरांत मात्र गहू होऊ लागला.

तेव्हा मी यवतमाळला कॉलेजात शिकवत होते. सुट्टीत दिग्रसला गेले की चाचांना भेटून यायची. ते निवृत्त झाले होते, ओसरीवर बसलेले असत. एकदा मी त्यांना नागपूरला शिकलेला तो सिद्धांत समजावून सांगितला. पाटीवर आकडे काढून, चांगला तासभर. त्यांनी सगळं नीट ऐकलं.

"म्हंजे पोचतो हे पक्कं."

"पक्कं."

"अन् पोचलो की नाही, हे कसं समजाचं? थे हाय का तुमच्या पुस्तकात?"

मी जरा विचार करून म्हणाले, "थोडंफार आहे, चाचा. सगळं नाही."

"मग थे लिवा," चाचा म्हणाले आणि आत वळून चहा टाकायला सांगितला.